समोरचा काठ

आमच्या सिस्टरकाकूंच्या हातावर सुटे पैसे ठेवले की देणाऱ्याने घाई करायची नसते. काकू आधी नाणं तळहातावर घेतात. मग चिमटीत काठावर धरून उजेडाकडे नेतात. इकडून बघतात, तिकडून बघतात, काठावरून नख फिरवतात आणि निकाल सांगतात, "पडलेलं आहे." मगच ते नाणं बटव्यात जातं आणि मागची रांग पुढे सरकते. मंगरूळपीरच्या भाजीबाजारात काकू दिसल्या की बायका लांबूनच ओरडतात, "सिस्टर, वांगे तसेच न्या, पण सुट्टे नका मागू बाप्पा!" एका दुकानदाराने केवळ काकूंच्या धास्तीने मोबाईलवर पैसे घ्यायचा चौकोनी कागद काउंटरवर लावला. काकूंनी तो कागदही भिंगाखाली धरून पाहिला आणि म्हणाल्या, "याच्यात मी काय पाहू?"

काकू म्हणजे माझ्या वडलांच्या धाकट्या भावाची बायको. नाव पुष्पा, पण सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत सारा जन्म गेला, म्हणून घरात आणि गावात सिस्टर. निम्मं मंगरूळपीर त्यांच्या हातात जन्मलेलं. मिशीवाले, पोट सुटलेले, पुढारी म्हणवणारे लोक रस्त्यात त्यांना पाहून फूटपाथ बदलतात, कारण काकू चारचौघांत विचारतात, "काय रे, तुले उलटा धरून चापट मारली तवा कुठी तू रडला. आता भाषण करून राह्यला काय?"

निवृत्त झाल्यावर काकूंना नाण्यांचा नाद लागला. साधा नाद नव्हे. टांकसाळीतूनच चुकून वेडंवाकडं बाहेर पडलेलं नाणं कोणतं आणि बाहेर आल्यावर मार खाऊन वेडंवाकडं झालेलं कोणतं, एवढंच त्यांना ओळखायचं असतं. त्यांच्या भाषेत पहिलं "पोटातलं", दुसरं "पडलेलं". ज्या नाण्याची एक बाजू दुसऱ्या बाजूच्या मानाने उलटी छापलेली असते, त्याला त्या "पायाळू" म्हणतात. टांकसाळीला बाळंतघर म्हणतात. आणि नाणं चिंचेने घासून चकचकीत करणाऱ्याला काय म्हणतात ते मला इथे लिहिता येणार नाही. ते एकदा माझ्या बायकोने, सुनंदाने, ऐकलेलं आहे.

रविवारी सकाळी काकूंच्या ओट्यावर ओपीडी भरते. हा शब्द त्यांचाच. पाटावर दवाखान्यातला जुना स्टीलचा ट्रे, तो मूत्रपिंडाच्या आकाराचा असतो ना, तो. त्यात कापूस, कापसावर पेशंट. मोबाईलवर कोणीतरी सांगितलेलं असतं की अमुक खुणेच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, म्हणून लोक आजोबांच्या पेटीपासून देवळाच्या पेटीपर्यंत सगळं उपसून येतात.

"सिस्टर, या दहाच्या नाण्याचा मधला गोल सरकेल आहे."

"सरकेल नाही, सरकवेल आहे. हातोडी घरचीच होती का शेजाऱ्याची?"

"सिस्टर, याचा रंग पाहा. तांबडा."

"चुलीत पडलं होतं. पडलेलं. न्या अन् याचा चहा पिऊन टाका."

पेशंट हिरमुसून जातो, पण पुढच्या रविवारी दुसरं नाणं घेऊन हजर असतो. कारण एकदा बसस्टँडजवळच्या चहावाल्या बाईच्या गल्ल्यात खरं पायाळू निघालं होतं. त्या दिवशी काकू ओट्यावरून उठल्या, गल्लीत आल्या, "झालं वं बाई, झालं! पोटातलंच!" असं ओरडल्या आणि स्वतःच्या पैशाने गल्लीभर पेढे वाटले. शेजारच्या म्हातारीने पेढा तोंडात टाकून विचारलं, "पोट्टा का पोट्टी?"

माझं स्वतःचं प्रकरणही सांगून टाकतो, नाहीतर सुनंदा सांगेलच. मला दोन रुपयांचं एक नाणं मिळालं होतं, त्यावर आडवी रेघ होती. मोबाईलवरच्या एका सद्गृहस्थाने ते बघून सांगितलं, की मोठी पार्टी तयार आहे, फक्त आधी नोंदणीचे पैसे पाठवा. मी मनातल्या मनात गाडी घेतली होती, गाडीचा रंगही ठरला होता. काकूंनी माझ्या हातून फोन घेतला.

"काहो, रेघ उठेल पाह्यजे का खोल पाह्यजे?"

पलीकडून आवाज आला, "मॅडम, दोन्ही चालेल."

"दोन्ही कशी चालन? ठशाले तडा गेला तं रेघ वर उठते. खिळ्यानं ओरखडलं तं आत जाते. तुमची माय आहे का घरी? तिले विचारा, तुमी पोटातूनच असे आले का मंग कुठी पडले."

फोन बंद झाला. काकूंनी माझं नख त्या रेघेवरून फिरवलं. रेघ खोल होती. खिळा बहुधा आमच्याच घरचा होता. त्या दिवसापासून मी काकूंचा शिष्य झालो. म्हणजे मीच तसं म्हणतो. काकू म्हणतात, "याले नुसतं बसू देते मी."

एकदा पुऱ्या करताना त्यांनी मला सगळ्यात अवघड परीक्षा शिकवली, चावलेल्या नाण्याची. मोठी पोळी लाटली, वाटीने पुऱ्या पाडायला लागल्या आणि एक वाटी मुद्दाम आधीच्या भोकावर थोडी चढवली. निघालेल्या पुरीला एका बाजूने चंद्रकोरीसारखा चावा होता.

"टांकसाळीत असंच होते. पत्र्यातून चकत्या पाडतेत. सरकली पट्टी का आला चावा. पण कानस घेऊन चावा तं कोणीही पाडन. मंग खरं कसं ओळखशीन?"

मी चाव्याकडे बोट दाखवलं.

"सगळे तिथीच पाह्यतेत," काकू म्हणाल्या. "समोर पाह्याचं. चकतीचा काठ उठवाले तिले दोन्हीकडून दाबत फिरवतेत. चाव्याच्या बाजूनं दाबाले काहीच नाही. एका बाजूनं धरणारं नसलं तं समोरचा काठ उठत नाही, बसेलच राह्यते. कानसवाला चाव्याची लय काळजी घेते. समोरचं त्याले मालूमच नसते." आणि चावलेली पुरी तळून त्यांनी माझ्याच ताटात टाकली.

आता काकूंच्या ट्रेमध्ये कधीच न आलेल्या एका नाण्याबद्दल सांगायला हवं. त्यासाठी आधी नामदेवकाका सांगायला हवेत.

नामदेवकाका, म्हणजे काकूंचे यजमान, एसटीत कंडक्टर होते आणि आमच्या घराण्यातले सर्वमान्य थापाडे होते. मेडशीच्या जंगलात एक बिबट्या रोज बसच्या पुढे पुढे चालतो आणि फाटा आला की स्वतःहून बाजूला होतो, "त्याले आपला थांबा मालूम आहे," ही त्यांची सर्वांत साधी गोष्ट. एकदा ते तिकिटाच्या पैशांत आलेला, कडेला चावा असलेला रुपया घरी घेऊन आले आणि म्हणाले, हा असाच छापून आला आहे. घरात जो हशा पिकला तो पुढे वर्षानुवर्षं पुरला. माझे वडील, म्हणजे आबा, काकांचे मोठे भाऊ. त्यांनी तर जाहीरच करून टाकलं, की नाम्याने डेपोतली कानस घेतली आणि मोकळ्या वेळात रुपया घासला. लग्नकार्यात, पंगतीत, कुणी खोटं बोललं की आबा म्हणत, "हा नाम्याचा रुपया आहे."

काका गेले. तो रुपया काकूंकडे राहिला. इंजेक्शनच्या रिकाम्या खोक्यात कापसावर ठेवलेला, कायम पिशवीत. काकू साऱ्या जगाचे पैसे तपासत, पण हे खोकं उघडत नसत. मी एकदा विचारलं, "काकू, याला का नाही बघत?"

"घरच्या पेशंटले आपण हात नाही लावत," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातला नियम आहे." आणि बराच वेळ पिशवीचा बंद नीट करत बसल्या.

मी फार हुशार नाही, पण एवढं मला कळलं, की काकूंना त्या रुपयाचा निकाल ऐकायची भीती वाटते. पडलेला निघाला तर काकांची ही उरलेली एक गोष्टही थापच ठरणार होती.

मागच्या हिवाळ्यात मी वाशीमला छोटं घर बांधलं. घरात पाऊल टाकायच्या दिवशी सगळे जमले. त्रिशरण-पंचशील झालं, खीर वाटली, आणि जेवणं होऊन मंडळी नव्या फरशीवर पसरली. आबा खुर्चीवर. काकू भिंतीला टेकून, डोक्यावर पदर घेऊन. कारण आमच्याकडे भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, भावसून थेट बोलत नाही. अख्ख्या मंगरूळपीरला फैलावर घेणाऱ्या काकू आबांशी आयुष्यात एक शब्द थेट बोलल्या नव्हत्या, आणि आबाही त्यांच्याशी. दोघं एकाच खोलीत असले की सगळं बोलणं माझ्यामार्फत जायचं. मी मधली टपालपेटी.

सुनंदाने कौतुकाने काकूंच्या ओपीडीचा विषय काढला. आबांना एवढंच हवं होतं.

"तुह्या काकूले विचार," ते मला म्हणाले, "साऱ्या गावाचे पैसे तपासते, मंग नाम्याचा रुपया काहून नाही तपासत?"

मी वळलो. "काकू, आबा विचारतात..."

"ऐकू आलं मले. आबाले सांग, घरच्या पेशंटले मी हात नाही लावत."

"तिले सांग, हात कायले लावन! तिले मालूम आहे, कानस मारेल आहे त्याले. झाकली मूठ ठेवून राह्यली."

नेहमीचा हशा पिकला. आणि तो हशा ओसरायच्या आत काकूंनी पिशवी उघडली, इंजेक्शनचं खोकं काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. भिंगही ठेवलं.

"तू पाह्य," त्या म्हणाल्या. "मी घरची आहो. तू माह्यापाशी शिकला. खरं असन ते सांगजो. माह्यासाठी काही बोलू नको." आणि त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या.

माझा आजवरचा अनुभव म्हणजे एक ओरखडलेलं नाणं आणि एक चावलेली पुरी. मी खिडकीशी गेलो. सगळं घर माझ्या पाठीशी उभं राहिलं, उजेड गेला, तेव्हा सुनंदाने सगळ्यांना मागे ढकललं.

"चाव्याजवळ ओरखडे दिसतात," मी घाबरत म्हणालो.

"सांगतलं होतं मी!" आबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "कानस!"

भिंतीकडून आवाज आला, "आबाले सांग, कंडक्टरच्या पिशवीत राह्यलेल्या रुपयाले ओरखडे येतीनच. तू पुढं पाह्य. अक्षरं कशी आहेत?"

"चाव्याकडची अक्षरं ओढल्यासारखी आहेत. जरा पसरट."

काकूंनी भिंतीकडेच मान हलवली, म्हणजे इथवर बरोबर होतं. मग म्हणाल्या, "आता..." आणि थांबल्या. शेकडो बाळंतपणं केलेल्या बाईला पुढचा शब्द फुटेना.

पण तो मला माहीत होता. मी डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख काठावर ठेवून फिरवत निघालो. नख अडत होतं, अडत होतं, अडत होतं. चाव्याच्या अगदी समोर आलं आणि सटकलं. मी पुन्हा फिरवलं. पुन्हा तिथेच सटकलं. भिंग लावलं. तिथे काठ उठलेलाच नव्हता. पुसट, बसलेला, आणि घासल्याची एकही रेघ नाही.

मी काकूंच्या जवळ जाऊन बसलो आणि रुपया त्यांच्या तळव्यावर ठेवला. भिंतीकडे पाहतच त्यांनी नख फिरवलं. सटकलं तिथे थांबल्या. तिथेच दोन-तीनदा मागेपुढे फिरवलं.

"काय निघालं?" आबा ओरडले. "सांग ना बे!"

"पोटातलं!" मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडलो. "आबा, पोटातलं आहे! छापूनच असं आलं!"

मग जे झालं ते मी माझ्या घराच्या पहिल्याच दिवशी अपेक्षिलेलं नव्हतं. पोरं-सोरं, जावई, सुना, सगळे एकदम बोलायला लागले. प्रत्येकाला नख फिरवायचं होतं. वहिनीने फिरवलं, "अय्या, खरंच!" मेव्हण्याने फिरवलं, त्याचं नख कापलेलं होतं म्हणून त्याला काही कळलं नाही, तरी तोही "खरंच!" म्हणाला. ज्यांनी वर्षानुवर्षं पंगतीत "नाम्याचा रुपया" म्हणून हसण्यावारी नेलं होतं, तेच आता एकमेकांना सांगत होते, "मी तं आधीच म्हणत होतो." शेजारचे नवे लोक काय झालं म्हणून दारात आले. सुनंदा म्हणाली, "काही नाही, रुपया झाला." ते अभिनंदन करून गेले.

आबा मात्र अजून खुर्चीतच होते. त्यांनी हात पुढे केला. मी रुपया दिला. त्यांचं नख शेतातलं, जाड, पिवळं. ते काठावरून हळूहळू फिरलं आणि थांबलं. भिंग त्यांनी घेतलंच नाही. त्यांनी रुपया मुठीत धरला. मग मान वर केली, पण माझ्याकडे नाही.

"पुष्पा," ते म्हणाले.

माझ्या जन्मात मी आबांच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं. टपालपेटीचं काम संपलं होतं.

"पुष्पा, नाम्या खरं बोलला होता."

काकू वळल्या. पदर सारखा केला. "मंग काय," त्या म्हणाल्या. आबांकडे बघून, थेट.

आबांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक वेगळीच काळजी आली. "मंग तो बिबट्या?"

काकूंनी क्षणभरही विचार केला नाही. "बिबट्या पडेल होता," त्या म्हणाल्या.

आबा इतके हसले की सुनंदाला पाणी आणावं लागलं. मग डोळे पुसत त्यांनी खिशातून पैसे काढले आणि मला पेढे आणायला पिटाळलं. माझ्या घराचे पेढे आधीच वाटून झाले होते. हे वेगळे.

संध्याकाळी मी काकूंना सोडायला मंगरूळपीरच्या बसमध्ये बसलो. काकू नेहमीप्रमाणे कंडक्टरच्या मागच्याच सीटवर. रुपया पुन्हा खोक्यात आणि खोकं पिशवीत गेलं होतं. मी आपला विजयाच्या धुंदीत होतो. मी म्हणालो, "काकू, आता हा रुपया प्रदर्शनात लावू. खाली काकांचं नाव लिहू."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "त्याईनं आणला ना, तवा मी भाकरी थापून राह्यली होती," त्या म्हणाल्या. "हात पिठाचे. म्हणे, पाह्य पुष्पा, काय आणलं. मी वळून पाह्यलंच नाही. म्हटलं, तुमचं काय, तुमी रोजच सांगता. तुमी सारे तं मंग हसले. पह्यली मी हसली."

मी त्यांची पिशवी माझ्या मांडीवर घेतली.

"बिबट्याचं मरेपर्यंत सांगत होते. पण रुपयाचं पुन्हा कधी नाव नाही काढलं. तवाच समजाले पाह्यजे होतं मले."

कंडक्टर आला. तरुण होता, पण काकूंना ओळखणारा. बायकांचं अर्धं तिकीट त्याने मशीनमधून काढलं, सुटे पैसे काकूंच्या हातावर ठेवले आणि सवयीने दांड्याला टेकून उभा राहिला, निकालाची वाट बघत.

काकूंनी मूठ मिटली आणि ती तशीच बटव्यात रिकामी केली.

पुढच्या रविवारी ओपीडी नेहमीसारखी भरली. भाजीबाजारातली रांगही पुन्हा तुंबली. हे मी आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. पण त्या संध्याकाळी कंडक्टर चकित होऊन उभाच राहिला होता.

"सिस्टर, पाह्यत नाही काय?"

"राहू दे बाबू," काकू म्हणाल्या. "तू देऊन राह्यला तं बरोबरच असन."